जांभळा रंग आला आणि गेला: हॅलोजन विस्थापनात या चुका टाळा

"सर, आत्ता जांभळा होता, आता काहीच नाही!" हॅलोजन विस्थापनाच्या प्रॅक्टिकलला, म्हणजे क्लोरीनने क्षारातला ब्रोमीन किंवा आयोडीन बाहेर काढायच्या प्रयोगाला, हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. नळीत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, तळाशी क्लोरोफॉर्म. क्लोरीन वॉटरच्या (पाण्यात विरघळलेल्या क्लोरीनच्या) पहिल्या थेंबांनी, हलवल्यावर, खालचा थर गुलाबी होतो, मग गडद जांभळा. रंग आणखी खुलावा म्हणून पोरगा अख्खा ड्रॉपर रिकामा करतो आणि थर पाण्यासारखा नितळ होतो. क्लोरीन आयोडाइडमधून आयोडीन सोडवतो खरा, पण जादा झाला की त्याच आयोडीनचं आयोडिक आम्ल करतो. ते रंगहीन असतं, पाण्यात राहतं. नळी ओतून द्या, पुन्हा घ्या: एक थेंब, हलवा, बघा, मग पुढचा थेंब. (ब्रोमाइड-आयोडाइड एकत्र असतील तर मात्र हाच जादा क्लोरीन कामाला येतो. आधी जांभळा दिसतो, तो जातो आणि मागून ब्रोमीनचा नारिंगी येतो.)

रंग मुळात आलाच नाही तर आधी क्लोरीन वॉटरवर संशय घ्या. उजेडात ते फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ऑक्सिजन होतो, म्हणून ते ताजं आणि तपकिरी बाटलीतलं हवं. नुसत्या आयोडाइडमध्ये एक थेंब टाका. पिवळट-तपकिरी छटा आली नाही, तर बाटली बदला. सोडियम अर्काची (सेंद्रिय पदार्थ सोडियमबरोबर तापवून पाण्यात काढलेल्या द्रावणाची) परीक्षा असेल तर अर्क अल्कधर्मी असतो, त्यात सुटलेला ब्रोमीन टिकत नाही. आधी विरल सल्फ्युरिक आम्ल घाला आणि लिटमस लाल झाला का ते बघा.

थर ओळखण्यात तर निम्मे गुण जातात. क्लोरोफॉर्मची घनता 1.49, म्हणून तो खाली, हेक्झेनची 0.66, म्हणून तो वर. जुन्या जर्नलमध्ये कार्बन टेट्राक्लोराइड असतो, तोही जडच. तो यकृताला घातक, शिवाय ओझोनचा शत्रू. 1990 च्या लंडन दुरुस्तीने तो ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत आला. आता बऱ्याच ठिकाणी हेक्झेन देतात, पण मुलं पाठांतराने "खालचा थर जांभळा" लिहितात. बाटलीवरचं नाव वाचा!

अॅसिटोन किंवा स्पिरिट मात्र घेऊ नका. दोन्ही पाण्यात मिसळतात, थरच पडत नाही. शिवाय स्पिरिटमध्ये आयोडीन तपकिरी दिसतो. टिंक्चर आयोडीन आठवा. हेक्झेन किंवा क्लोरोफॉर्ममध्येच तो जांभळा.

पाण्याच्या थरावरून निकाल देऊ नका. तिथे ब्रोमीन पिवळा-नारिंगी आणि आयोडीन पिवळा-तपकिरी, फसायला होतं. फिका पिवळा तर नुसत्या क्लोरीनचाही असतो, आणि क्लोराइडच्या नळीत तोच दिसून कुणीतरी "ब्रोमाइड आहे" लिहून मोकळा होतो. शेजारी साधं पाणी, क्लोरोफॉर्म आणि क्लोरीन वॉटर घातलेली एक नळी ठेवा, रंग तिच्याशी ताडून बघा.

हलवताना अंगठ्याने तोंड दाबू नका, बूच वापरा. आणि क्लोरोफॉर्मचा थर बेसिनमध्ये नाही, वेगळ्या बाटलीत ओता.