जुन्या पाईल लोड टेस्ट पुन्हा तपासताना या चुका टाळा

पाईल, म्हणजे इमारतीचा भार जमिनीत खोल नेणारा काँक्रीटचा खांब, किती भार पेलतो हे त्याच्यावर भार ठेवून बघतात, तीच लोड टेस्ट. तिचा जुना रिपोर्ट हातात आला की नजर थेट शेवटच्या पानावरच्या ‘सुरक्षित भार’ या ओळीवर जाते. तो आकडा तसाच उचलू नका. आधी मूळ रीडिंगची पानं शोधा. ती नसतील, तर तपासायला हातात काही उरत नाही.

सर्वांत जास्त घोळ रुटीन टेस्टच्या, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामात वापरायच्या पाईलवरच्या टेस्टच्या बाबतीत होतो. तिच्यात डिझाइन भाराच्या दीडपटीपर्यंत जाऊन थांबतात. पाईल 4 मिमी खचला, टेस्ट पास! क्षमता दीडपटीहून कमी नाही, एवढंच त्यातून कळतं. तरी चिनच्या पद्धतीने (भार आणि खचण्याच्या नोंदींवरून अंतिम भाराचा अंदाज बांधायची रीत) आलेख पुढे ताणून भलामोठा अंतिम भार काढणारे भेटतात. ही पद्धत मुळातच थोडं चढं उत्तर देते. सुरुवातीच्या चार बिंदूंवरून काढलेली रेषा तर निव्वळ अंदाज.

दुसरं, 12 मिमीचा निकष, म्हणजे पाईलचा माथा किती खचलेला चालतो याची मर्यादा. त्यात भाराखाली काँक्रीटचं स्वतःचं आखडणंही धरलेलं असतं. 600 मिमी व्यासाच्या, 20 मीटर लांबीच्या पाईलवर 200 टन ठेवले आणि सगळा भार तळापर्यंत पोहोचला, तर ते एकटंच साडेपाच मिमीच्या आसपास जातं. रिपोर्ट कुठल्या सालच्या कोडनुसार आहे तेही बघा. आयएस 2911 या पाईलसाठीच्या भारतीय कोडच्या चौथ्या भागाच्या 2013 च्या आवृत्तीत 600 मिमीहून मोठ्या पाईलसाठी 18 मिमी किंवा व्यासाच्या 2 टक्के, यांतलं कमी ते धरतात.

मुंबई-नवी मुंबईच्या खाडीकाठी आणखी एक सापळा आहे. टेस्ट जमिनीच्या पातळीवरून झाली आणि नंतर बेसमेंटसाठी खोदाई झाली, तर वरच्या थराचं घर्षण गेलंच. आणि भराव टाकला असेल तर खाडीची मऊ माती खचताना पाईलला खाली ओढते. टेस्टच्या वेळी हीच माती पाईलला धरून होती! त्या भागाचं घर्षण वजा करा, शिवाय या खालच्या ओढीचा भार वेगळा धरा.

भार फक्त जॅकच्या प्रेशर गेजवरून मोजला असेल, लोड सेल (भार थेट मोजणारं उपकरण) नसेल, तर जॅकमधल्या घर्षणामुळे नोंदलेला भार खऱ्यापेक्षा जास्त असू शकतो. जुन्या ब्रिटिश कागदातला टन 1016 किलोचा, हेही विसरू नका.

रीडिंगच्या वेळाही वाचा. भार तोच असताना भर दुपारी पाईल वर आल्यासारखा दिसला, तर बहुधा डेटम बार, म्हणजे ज्याच्या आधाराने खचणं मोजतात तो दांडा, उन्हाने वाकलेला असतो. ती रीडिंग पहाटेच्या रीडिंगशी ताडून मगच आलेखात घ्या.