पुडीवर नाव नाही? मग पालेभाजी अशी ओळखा

बिननावाच्या पुडीतलं सगळं बी एकदम पेरू नका. निम्मं जपून ठेवा, पुढे ताडून पाहायला लागतं. उरलेलं पांढऱ्या कागदावर पसरा. खसखशीएवढं, काळं, चकचकीत असेल तर पोकळा, माठ किंवा चाकवत. कागदासारख्या पातळ आवरणातलं बी चुक्याचं. गुलाबी किंवा हिरव्या रंगात माखलेल्या बियाला औषध लावलेलं असतं. ते हाताळल्यावर हात धुवा.

पंधरा-वीस बिया सरळ ओळीत, बोटभर अंतराने पेरा. वर अर्धा सेंटिमीटर माती पुरे. शेजारी दुसरी कुंडी तीच माती-शेणखत भरून, बी न टाकता ठेवा आणि तिलाही पाणी घाला. शेणखतातून घोळ, गाजरगवत हमखास उगवतं आणि लोक त्यालाच पुडीतली भाजी समजतात. रिकाम्या कुंडीत जे उगवलं, ते पुडीतलं नाही.

खानदेशात एप्रिल-मेच्या उन्हात पालक नीट उगवत नाही, शेपू लवकर फुलावर जातो. ओळखण्यासाठी ऑक्टोबर ते जानेवारीत पेरलेलं बरं. पोकळा, अंबाडी मात्र उष्णता सोसतात.

पहिली दोन पानं म्हणजे दलपत्रं. मुळा, मोहरीची बदामाच्या आकाराची, मधे खाच असलेली. पालकाची लांब, अरुंद पट्टीसारखी. मेथीचं त्यानंतरचं पहिलं पान एकेरी येतं, त्रिदळ पानं पुढे दिसतात. इथेच बरेच जण फसतात आणि रोप उपटून टाकतात. अंबाडीचंही तसंच: सुरुवातीची पानं अखंड, पंजासारखी फाटलेली नंतर. म्हणून पहिल्या पंधरवड्यात निकाल देऊ नका.

चौथ्या-पाचव्या पानावर खूण पक्की होते. पोकळ्याच्या पानाच्या टोकाला बारीक खाच असते. चाकवताच्या कोवळ्या पानावर पांढरी, पिठूळ भुकटी असते, ती बोटाला लागते. शेपू आणि बडीशेप दिसायला जुळी. पान चुरगाळा, बडीशेपेचा वास गोडसर येतो.

चव घेऊन मात्र ओळखू नका. धोतरा विषारी आहे आणि लहान असताना साध्या भाजीसारखाच दिसतो. त्याचं बी चपटं, पिवळट-तपकिरी असतं, पान चुरगाळलं की उग्र, नकोसा वास येतो. घोळीसारखं पसरणारं दुधी नावाचं तण ओळखायचं तर देठ मोडा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे.

तरी शंका उरली तर दोन रोपं फुलू द्या. अंबाडीला पिवळं फूल, आत गडद लाल डोळा. पोकळ्याला बारीक फुलांचे तुरे. धोतऱ्याला लांब कर्ण्यासारखं फूल. एक रोप मुळासकट उपटून ओल्या कागदात गुंडाळा, राखून ठेवलेलं बी सोबत घ्या आणि भाजीबाजारातल्या जाणत्या मावशींना किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दाखवा. नाव पक्कं होईपर्यंत एकही पान कढईत टाकू नका.