सीलिॲक असताना जपानी जेवण: या चुका टाळा

"जपानी लोक भातच खातात की, तुला तिथे कसली अडचण?" सीलिॲक असलेला माणूस टोकियोला निघाला की घरातलं कुणी ना कुणी हे म्हणतंच. सीलिॲक म्हणजे ग्लुटेनमुळे, म्हणजे गहू, जव, राय यांतल्या प्रथिनामुळे, आतड्याचं अस्तर बिघडवणारा आजार. भात खातात हे खरं. उदोन आणि रामेन या नूडल्स, पिठात बुडवून तळलेला तेम्पुरा, पाव-चुरा लावून तळलेलं कात्सु यांत गहू उघड असतो, त्यामुळे तिथे आपण सहसा फसत नाही. फसतो ते चवीच्या जिनसांत. जपानी स्वयंपाकातला बराचसा ग्लुटेन पातळ असतो, बाटलीतून ओतला जातो किंवा ब्रशने लावला जातो.

सोया सॉस किरकोळ समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नेहमीचा शोयु, म्हणजे जपानी सोया सॉस, सोयाबीन आणि गहू जवळजवळ सारखे घेऊन आंबवतात. फिकट रंगाच्या शिरो शोयुत तर गहूच जास्त. तामारी बहुधा बिनगव्हाची असते, पण काही तामारींतही गहू पडतो, तेव्हा बाटली उलटून वाचायचीच. "आंबवल्यावर ग्लुटेन उरत नाही" असं ठामपणे सांगणारे भेटतील. आंबवताना प्रथिनांचे तुकडे होतात आणि नेहमीच्या तपासण्यांत ते तुकडे नीट पकडले जात नाहीत. त्यामुळे चाचणीत काही सापडलं नाही, एवढ्यावर सीलिॲकवाल्याने विसंबू नये.

गोंधळ आणखी वाढतो तो इथे. सीलिॲक जपानमध्ये फार दुर्मीळ आहे. हॉटेलातल्या माणसाला गव्हाची ॲलर्जी माहीत असते, सीलिॲक माहीत नसतो. म्हणून प्रवासी सोपा मार्ग काढतो आणि "मला गव्हाची ॲलर्जी आहे" एवढंच सांगतो. पण गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी सोया सॉस सहसा टाळायची गरज नाही, असं जपानी ॲलर्जीतज्ज्ञ सांगतात, कारण ॲलर्जी उठवणारं प्रथिन त्यात मोडलेलं असतं. मग आचारी प्रामाणिकपणे नूडल्स काढून टाकतो आणि तितक्याच प्रामाणिकपणे शोयु घालतो. दोष त्याचा नसतो.

उपाय एकच: जपानीत लिहिलेलं कार्ड. त्यावर गहू, जव, राय हे शब्द हवेतच, पण शोयु, मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट), तळणीचं तेल, नूडल्स उकळलेलं पाणी आणि सामाईक तवा यांची नावंही वेगवेगळी हवीत. "ग्लुटेन-फ्री" एवढंच लिहिलेलं कार्ड फारसं कामाचं नाही. काहींना ती आहारातली फॅशन वाटते.

लेबलवर फक्त गहू शोधणं

जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर गव्हाचा ॲलर्जी-इशारा सक्तीचा आहे. गव्हाला जपानीत कोमुगी म्हणतात. ती जपानी अक्षरं फोनमध्ये फोटो करून ठेवा. पण जव, म्हणजे ओमुगी, त्या सक्तीच्या यादीत नाही. घटकांच्या ओळीत ते लिहिलेलं असेल, इशाऱ्याच्या ओळीत नसेल. दुकानातली पौष्टिक म्हणून विकली जाणारी जव-भाताची ओनिगिरी, म्हणजे भाताचा वळलेला गोळा, अशीच निसटते. सेंदाईला गाईच्या जिभेच्या थाळीबरोबर जव घातलेलाच भात येतो. उन्हाळ्यात बसल्याबसल्या फुकट मिळणारा गार चहा बऱ्याचदा 'मुगिचा' नावाचा, म्हणजे भाजलेल्या जवांचा असतो. मिसोचंही तसंच: क्युशूकडे जवाचा मिसो घरोघरी चालतो, तर ओकाझाकीचा हाच्चो मिसो परंपरेने नुसत्या सोयाबीनचा. कुठला मिसो आहे हे विचारल्याशिवाय सूप तोंडाला लावू नका. आणि हॉटेलांना लेबलची सक्ती नाही, तिथे तोंडी माहितीवरच भिस्त.

शाकाहारी म्हणजे सुरक्षित, असं धरणं

आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींसाठी हे मुद्दाम. कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी हे शाकाहारी जेवण मांस-मासे टाळणाऱ्याला देवासारखं वाटतं. पण त्यात 'फू' असतो, आणि फू म्हणजे मुख्यतः गव्हातून काढलेला ग्लुटेनच! कधी तो फुलापानांच्या आकारात येतो, कधी सूपमध्ये मऊ गोळ्यासारखा तरंगतो. टोफूचाच प्रकार समजून सहज खाल्ला जातो. मठात मुक्काम करायचा असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. आयत्या वेळी पानावर बसून काही होत नाही.

सुशीच्या काउंटरवर गाफील राहणं

मासा आणि भात, इतकं साधं प्रकरण वाटतं. पण आचारी निगिरीवर, म्हणजे भाताच्या गोळ्यावर मासा ठेवलेल्या सुशीवर, सॉसचा हात फिरवून देतो, ईल माशावर गोड सॉस असतो, माशांची अंडी शोयुत मुरवलेली असू शकतात, आणि नकली खेकड्यात बहुधा गव्हाचा स्टार्च असतो. भातातलं व्हिनेगरही धान्याचं असेल तर त्यात गहू असू शकतो. गर्दीची, फिरत्या पट्ट्याची दुकानं सोडा. शांत वेळी लहान दुकानात जा, साशिमी (कच्च्या माशाचे काप) आणि साधा पांढरा भात मागा, तामारीची पुडी स्वतःची न्या.

सोबा नूडल्स कुट्टूच्या पिठाच्या, म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच सोब्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त गहू असतो. शंभर टक्के कुट्टूचा, 'जुवारी' नावाचा सोबा (आपल्या ज्वारीशी संबंध नाही) मिळाला तरी तो उदोनच्याच पाण्यात उकळलेला असू शकतो, आणि बुडवायच्या सॉसमध्ये शोयु ठरलेला. सेन्बेई या तांदळाच्या चकत्या कुरकुरीत असतात, पण शोयु लावून भाजलेल्या. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, मात्र चालतो, सोबतची सॉसची पुडी टाकून द्या. याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेली कोंबडी, मिठाची मागितली तरी जाळी सॉसवाल्यांचीच असते. मिठाची साधी ओनिगिरी लेबल वाचून घेतली तर बहुतेक वेळा पोटाचा आधार होते.

युरोपीय संघातल्या जपानी हॉटेलांत काम थोडं सोपं आहे. तिथे 2014 पासून ग्लुटेनवाल्या सगळ्या धान्यांची, म्हणजे जवाचीही, माहिती हॉटेलांनी द्यावी लागते. अमेरिकेत पाकिटावर गव्हाची सक्ती आहे, जवाची नाही. टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या निशी-कासाई भागात घरच्या चवीसाठी भारतीय हॉटेलात शिरलात, तर हिंग विसरू नका. बांधानी हिंगात मैदा असतो, हे आपण घरी जाणतोच.

चुकून खाल्लं गेलंच, तर

त्यावर उतारा नाही. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर भरवसा ठेवून पुढचं जेवण धाडसाने करणं ही वेगळी चूक. जुलाब-उलट्या असतील तर जपानी औषधदुकानात ओएस-वन नावाचं जलसंजीवनी पेय मिळतं. ओकायु, म्हणजे आपली तांदळाची पेज, साधी मिठाची मागवा. रक्त पडलं, पाणीही पोटात टिकेना किंवा चक्कर येऊ लागली तर थेट डॉक्टरकडे जा.

उलट काहीच त्रास झाला नाही म्हणून तो पदार्थ "चालतो" असं वहीत लिहू नका. लक्षणं नसतानाही आतड्याचं अस्तर झिजत असू शकतं. बरेच आठवडे परदेशात काढले असतील, तर परतल्यावर टीटीजी या सीलिॲकसाठीच्या रक्ततपासणीबद्दल पोटाच्या डॉक्टरांना विचारा.