‘देवघेव दुप्पट झाली’ असं अहवालात लिहिण्याआधी

ग्रंथालय प्रमाणपत्र घेऊन कोल्हापुरातल्या एखाद्या वाचनालयात रुजू झालात की पुस्तकांच्या देवघेवीचे जुने आकडे जुळवण्याचं काम नव्या माणसाच्याच गळ्यात पडतं. कोरोनाची वर्षं आली की इथं हमखास फसगत होते.

फसवतं ते पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्याशी आपण तुलना करतो ते. 2020-21 धरू नका. मार्च 2020 च्या अखेरीस बंद झालेल्या वाचनालयांना राज्यात 15 ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा निर्बंध आले. अर्धं वर्ष कुलूप असलेल्या आकड्याशी ताडलं तर काहीही दुप्पट दिसतं. मग 2019-20? तेही नको. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शहराचे दिवस गेले, शेवटचा आठवडा टाळेबंदीत गेला. 2021-22 मध्ये तर साथ होतीच, वर जुलैत पंचगंगा पुन्हा चढली. पूर आणि साथ एका बेरजेत मिसळली की कशानं किती वाचक तुटले ते कळत नाही. पाया 2018-19 चा घ्या आणि नुसती एकूण बेरीज न बघता तिला उघड्या दिवसांनी भागा.

समजा, 2018-19 मध्ये 290 दिवसांत 29,000 पुस्तकं गेली, म्हणजे रोज 100. साथीच्या वर्षी 150 दिवसांत 6,000, रोज 40. पुढच्या वर्षी 240 दिवसांत 14,400, रोज 60. बेरजेत 140 टक्के वाढ, संचालक मंडळ खूश! प्रत्यक्षात रोजच्या शंभरातली चाळीस पुस्तकं अजून जातच नाहीत.

‘मागचा अहवाल काढ, आकडे बदल’ म्हणणारे ज्येष्ठ भेटतील. मान डोलवा, ऐकू मात्र नका. सॉफ्टवेअरच्या तयार अहवालावरही माझा भरवसा नाही. टाळेबंदीत सरसकट मुदत वाढवली असेल तर ती नूतनीकरणं कधीकधी ‘देव’ (वाचकाला पुस्तक देणं) म्हणून मोजली जातात; वाचनालय बंद आणि देवघेव चालू! त्या तारखांच्या नोंदी वगळा. ‘देव’ आणि ‘घेव’ही वेगळी ठेवा, कारण उघडल्यावर पहिले काही आठवडे लोक पुस्तकं नुसती परत करतात.

घाबरू नका, नोंदवही नीट असेल तर हे दोन दुपारींचं काम आहे.

साथीत परत आलेली पुस्तकं काही दिवस बाजूला ठेवत, त्याचं थोडक्यात. 2020 मध्ये ग्रंथालयातल्या वस्तूंवर विषाणू किती टिकतो हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या रिअल्म प्रकल्पाच्या चाचण्यांत सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नाही, गठ्ठ्यात रचलेल्यांवर सहाव्या दिवशीही सापडला. पृष्ठभागावरून संसर्गाचा धोका फार कमी, हे पुढे स्पष्ट झालं. तरी पुन्हा तशी वेळ आलीच तर पुस्तकं रचू नका, सॅनिटायझर फवारू नका (शाई पसरते), आणि जमा नोंद पुस्तक हातात आलं त्याच तारखेला करा. बाजूला ठेवण्याचे दिवस संपल्यावर केलीत तर वाचकावर फुकटचा दंड चढतो, आणि तो वर्गणी भरायला पुन्हा येत नाही.