ई-सायकल घेताय? आधी चाक फिरवून बघा

दुकानात वॅट विचारायच्या आधी ज्या चाकात मोटार आहे ते उचला आणि मोटार बंद ठेवून हातानं पुढं फिरवा. सुळकन फिरलं तर मोटारीच्या आत गिअर आहेत. चुंबकानं ओढल्यासारखं अडत अडत फिरलं, चाकाच्या मधोमधचा मोटारीचा डबा, म्हणजे हबही ताटलीएवढा मोठा असला, तर ती बिनगिअरची. परभणीसारख्या सपाट गावात बिनगिअरची छान चालते. आवाज नाही, झिजायला फारसं काही नाही. पण जड असते, अन् बॅटरी संपली की पायडल मारताना घाम काढते. दौलताबादचा घाट चढून वेरूळला जायचं असेल तर गिअरवालीच घ्या. 250 वॅटमध्येही कमी वेगात जोर धरते. बिनगिअरची अशा चढाला तापते, त्यात आपलं ऊन! गिअरवालीत बहुतेकदा नायलॉनचे गिअर असतात, ते झिजतात. तालुक्याला मिळतील का, हे पैसे मोजण्याआधीच विचारा.