घरच्या पार्किंगमध्ये गाडीची लिफ्ट बसवायची तर

गाडीखाली चटई टाकून स्वतः ऑइल बदलणारा माणूस कधी ना कधी लिफ्टच्या जाहिरातीपाशी थांबतो. उभ्याने काम करायचं सुख मोठं आहे, शंका नाही. पण मशिन निवडणं हे यातलं सगळ्यांत शेवटचं काम. आधी छत, मग फरशीखालची जमीन, मग वीज. या तिन्ही ठिकाणी होकार मिळाला तरच विक्रेत्याला फोन करा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा खटाटोप स्वतःच्या जमिनीवर असलेल्या बंगल्यात, रो-हाउसमध्ये किंवा शेतावरच्या शेडमध्ये करायचा. सोसायटीच्या पोडियमवर किंवा खाली बेसमेंट असलेल्या स्लॅबवर नाही. तिथे कमिटीने परवानगी दिली तरी बोल्टसाठी स्लॅबला भोकं पाडू नका. आत ताणलेल्या केबल असतील तर एक चुकीचं भोक अख्ख्या इमारतीला महाग पडतं.

पायरी १ : उंची मोजा, पण बीमखालून

छत दहा फुटांचं आहे म्हणून खूश होऊ नका. बीम साधारण फूटभर खाली उतरलेला असतो, म्हणजे हातात नऊ फूट. स्विफ्टसारखी गाडी पाच फूट उंच. ती फार तर पावणेचार फूट वर जाईल. फॉर्च्युनर सहा फुटांची, ती पावणेतीन फुटांवरच थांबवावी लागेल. गाडीखाली ताठ उभं राहायचं तर चाकं साडेपाच-सहा फूट वर हवीत आणि त्यासाठी छत अकरा-बारा फूट लागतं. ट्यूबलाइट, पंखा आणि शटरचा गुंडाळलेला ड्रम मोजायला विसरू नका. डिकी उघडी ठेवून गाडी वर नेली तर डिकीची कड छताला लागते, आणि ते खालून दिसत नाही.

रुंदीला बारा फूट आणि लांबीला वीस फूट मोकळी जागा धरा.

पायरी २ : प्रकार ठरवा

गॅरेजमध्ये दिसते ती दोन खांबांची लिफ्ट. चार बाहू गाडीच्या पोटाखाली जातात आणि चाकं मोकळी लटकतात. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, सगळ्याला सोयीची. हिच्यातही दोन जाती आहेत. एकीत खांबांना जोडणाऱ्या केबल आणि पाइप जमिनीवरच्या पत्र्याखालून जातात. तिचे खांब नऊ-साडेनऊ फुटांचे असतात. दुसरीत हे सगळं डोक्यावरच्या आडव्या पट्टीतून जातं, जमीन सपाट राहते, पण उंची बारा फुटांच्या आसपास लागते. घरात बहुधा पहिलीच बसते.

चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवर उभी राहते. एकाखाली एक दोन गाड्या लावायला ती छान. मात्र चाक काढायचं म्हटलं की वेगळा जॅक घ्यावा लागतो.

तिसरी कात्रीची लिफ्ट. गाडी मीटर-सव्वा मीटर उचलते आणि हिची बरीच मॉडेलं काम झालं की ढकलून बाजूला ठेवता येतात. माझं मत विचाराल तर दहा फुटी छताच्या शंभरातल्या बहुतेक घरांना हीच पुरते. स्टुलावर बसून ब्रेक पॅड, टायर, बुश ही कामं आरामात होतात. तिचा त्रास एवढाच की गाडीच्या मधोमध तिचंच धूड येतं, त्यामुळे सायलेन्सर किंवा गिअरबॉक्सला हात घालणं अवघड. वर्षातून दोनदा ऑइल बदलण्यापलीकडे काही करायचं नसेल, तर चांगला ट्रॉली जॅक आणि चार घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

पायरी ३ : फरशी उकरून बघा

दोन खांबांची लिफ्ट घेणाऱ्याने इथे घाई करू नये. गाडीचं वजन खांबांवर सरळ खाली येत नाही. बाहू आतल्या बाजूला लांब पसरलेले असतात, त्यामुळे गाडी दोन्ही खांबांना आत ओढते. परिणामी खांबाच्या पायाची आतली कड जमिनीत रुतू पाहते आणि बाहेरचे बोल्ट वर उपसू पाहतात. त्या बोल्टांना धरून ठेवतं ते फक्त काँक्रीट.

आपल्याकडच्या पार्किंगमध्ये वर शहाबादी किंवा चेकर्ड टाइल, तिच्याखाली चुरी, मग तीन-चार इंचांची पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, आणि खाली मुरमाचा भराव असतो. पेव्हर ब्लॉक असतील तर पीसीसीही नसते. एका कोपऱ्यात ड्रिलने आरपार भोक पाडा, टोकाला वाकवलेली तार आत घालून काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवा आणि जाडी मोजा. फरशीची जाडी त्यातून वजा करायची. बारीक कोबा घोटलेला आहे म्हणून आत काँक्रीट जाड असेल, असं समजू नका.

जाडी कमी निघाली, किंवा मुळात शंकाच असली, तर खांबांच्या जागी जुनं सगळं काढून नवं काँक्रीट टाका. टोकन देण्याआधीच विक्रेत्याकडून फाउंडेशनचं ड्रॉइंग मागा आणि ते सिव्हिल इंजिनिअरला दाखवा, नुसत्या गवंड्याला नाही. साधारणपणे एम-२५ ग्रेडचं (ताकदीचं) काँक्रीट, आठ-दहा इंच जाडी आणि आत सळईची जाळी असा हिशेब येतो. काळ्या मातीवर घर असेल तर हे अधिकच महत्त्वाचं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा पातळ थर तिच्याबरोबर हलतो.

नवं काँक्रीट २८ दिवस मुरू द्या. आठवड्यात बोल्ट ठोकू म्हणणाऱ्या फिटरला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक अडचण ढाळाची. गाडी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला उतार दिलेला असतो. खांब मात्र ओळंब्यात उभे हवेत. थोडा फरक पायाखाली लोखंडी पट्ट्या सरकवून भरून निघतो. जास्त असेल तर तेवढा भाग सपाट करून घ्यावा लागतो.

पायरी ४ : वीज

घरगुती लिफ्टला बहुधा तीन एचपीची, म्हणजे २.२ किलोवॅटची मोटर असते. सिंगल फेज की थ्री फेज, हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगा. गीझरच्या प्लगवर ती लावू नका. मीटरपासून वेगळी लाइन, पुरेशा जाडीची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग घ्या. मंजूर भार कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर नुसती घुमते आणि गाडी हलत नाही. अशा वेळी बटण दाबून धरलं तर वाइंडिंग जळतं.

पायरी ५ : घेताना

क्षमता गाडीच्या वजनावरून ठरते. इनोव्हा क्रिस्टा पावणेदोन टनांच्या पुढे, फॉर्च्युनर दोन टनांच्या पुढे. चार टनांची दोन-खांबी लिफ्ट बहुतेक सगळ्यांना पुरते. पण चार टन म्हणजे प्रत्येक बाहूला एक टन, हे लक्षात असू द्या. इंजिन पुढे असलेल्या गाडीत जास्त भार पुढच्या दोन बाहूंवर येतो. युरोपचं ईएन १४९३ हे मानक लिफ्टसाठीच आहे. मशिन त्यात बसतं असं विक्रेता म्हणाला तर प्रमाणपत्र बघायला मागा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक मशिनच्या प्लेटशी ताडून पाहा. बंद पडलेल्या गॅरेजमधली जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते. तिच्या लॉकचे, म्हणजे गाडी वर अडवून धरणाऱ्या खटक्याचे, दात झिजलेत का, वेल्डवर नव्या रंगाचा थर आहे का, आणि सुटे भाग अजून मिळतात का, एवढं तरी पाहाच.

पायरी ६ : गाडी वर नेताना

गाडीच्या मॅन्युअलमध्ये जॅक लावायच्या जागा दाखवलेल्या असतात. कार असेल तर दारांखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर, पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ, दोन-दोन खाचा सापडतील. बाहूच्या टोकाचा रबरी पॅड त्यांच्यामध्ये यायला हवा. बोलेरो, थार, फॉर्च्युनरसारख्या चासीच्या (खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या) गाड्यांना पॅड चासीवरच लावायचा. त्यासाठी उंची वाढवणारे तुकडे लागतात, नाहीतर बाहू फूटबोर्ड दाबतो. इलेक्ट्रिक गाडीत मधोमध बॅटरी आहे, तिला पॅडचा स्पर्शही नको. मुंबई-कोकणातल्या जुन्या गाडीची कड आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतून गंजली आहे.

चाकं जमिनीपासून चार बोटं सुटली की थांबा. बंपरला धरून गाडी जोरात हलवा. पॅड जराही सरकला तर खाली घ्या आणि पुन्हा लावा. मगच वर न्या. जाताना दोन्ही खांबांतून लॉकचे टक-टक आवाज एकाच वेळी यायला हवेत. मागेपुढे येत असतील तर गाडी तिरकी चढते आहे, केबल समान करून घ्या. हव्या उंचीला पोचलात की खाली सोडायचा लिव्हर दाबून गाडी लॉकवर टेकवा. तेलाच्या दाबावर तरंगणाऱ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणार असाल तर तोल बदलतो. जड राहणाऱ्या टोकाखाली उंच स्टँड आधीच लावून ठेवा.

उतरवताना गाडी आधी दोन इंच वर घ्यावी लागते, तरच लॉक सुटतात. यातच आपल्याकडची खास पंचाईत आहे. वीज गेली तर गाडी वर जात नाही, म्हणून खालीही येत नाही. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ही मोटर चालत नाही. म्हणून घेतानाच हातपंपाची सोय मागा, नाहीतर लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून काम काढा.

पायरी ७ : देखभाल

बोल्ट पहिल्या काही वापरांनंतर टॉर्क पान्याने तपासा, पुढे दर काही महिन्यांनी. तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, बहुधा आयएसओ ३२ किंवा ४६. पावसाळ्यानंतर तारेच्या केबलवरून जुनं सुती फडकं फिरवा, नुसता हात नको. एखादा धागा तुटला असेल तर फडकं तिथे अडकतं. अडकलं की त्या दिवसापासून लिफ्ट बंद, आणि केबल दोन्ही खांबांची एकदमच बदलायची.