वसाहतकाळातील जहाज-अटकेचा खटला कसा वाचावा

ब्रिटिश वसाहतींतील सागरी न्यायालयांची जुनी कागदपत्रे उघडल्यावर नजर आधी जहाजमालकाच्या नावावर जाते आणि वाचनाची पहिली चूक तिथेच होते. या न्यायालयांत जहाजावरचा दावा आणि माणसावरचा दावा हे दोन स्वतंत्र खटले असत. म्हणून प्रतिवादी जहाज आहे की व्यक्ती, हे सर्वांत आधी ठरवावे. बॉस्टनच्या ‘लिबर्टी’ जहाजाचे १७६८ सालचे प्रकरण यासाठी चांगले उदाहरण आहे. त्याचा मालक जॉन हॅनकॉक पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा पुढारी म्हणून गाजला आणि बहुधा त्यामुळेच हे प्रकरण जहाजाऐवजी हॅनकॉकचे म्हणून वाचले जाते.

त्यानंतर जहाज कोणी आणि कोणत्या अधिकाराने अडवले, हे शोधावे. खलाशांचा थकलेला पगार किंवा दोन जहाजांची टक्कर अशा खासगी दाव्यांत न्यायालय आधी वॉरंट काढी आणि त्याचा मार्शल, म्हणजे हुकूम बजावणारा अधिकारी, ते जहाजाच्या मुख्य डोलकाठीला लावी. जकातीच्या प्रकरणांत क्रम उलटा असे: अधिकारी आधी जहाज ताब्यात घेत आणि मग न्यायालयात अर्ज दाखल होई. हा फरक लक्षात घेतला नाही, तर वॉरंट नसतानाही अंमलबजावणी कशी झाली, हे कोडे सुटत नाही.

अंमलबजावणीची नोंद मात्र सावकाश आणि पुन्हा पुन्हा वाचावी, कारण वादाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. १० जून १७६८ च्या संध्याकाळी जकात अधिकारी जोसेफ हॅरिसन आणि बेंजामिन हॅलोवेल हॅनकॉकच्या धक्क्यावर गेले आणि जप्तीची खूण म्हणून त्यांनी जहाजावर राजाचा रुंद बाण उमटवला. जप्ती तेवढ्यावर पूर्ण होऊ शकली असती. पण जहाज धक्क्यालाच राहिले तर लोक ते सोडवून नेतील, या भीतीने ‘रॉम्नी’ या युद्धनौकेच्या होड्या बोलावण्यात आल्या आणि धक्क्याचे दोर सोडवून जहाज तिच्या तोफांच्या आश्रयाला ओढून नेण्यात आले. जमावाने अधिकाऱ्यांना मारहाण केली आणि हॅरिसनची होडी जाळली. दंगल पेटण्यात जप्तीइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा जहाज हलवण्याचा होता, असे माझे मत आहे. म्हणून जहाज अडवणे आणि ते हलवणे या दोन कृतींच्या वेळा वेगळ्या टिपाव्यात.

पुढे तारणाची बोलणी पाहावीत. हमी घेऊन जहाज मालकाला परत देण्याचा तोडगा इथेही निघाला होता, पण हॅनकॉकने अखेर तो नाकारला. असा नकार दिसला, की मालक नुकसान टाळण्यापेक्षा तत्त्वाला चिकटला होता का, हा प्रश्न विचारावा.

साक्षी वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. या न्यायालयांत ज्युरी नसे, निर्णय एकट्या न्यायाधीशाचा असे. शिवाय जप्त मालाच्या विक्रीतून राजा आणि गव्हर्नर यांच्याबरोबर खबर देणाऱ्या किंवा जप्ती करणाऱ्यालाही वाटा मिळे, त्यामुळे अधिकाऱ्याची साक्ष ही अनेकदा हितसंबंध असलेल्याची साक्ष असते. तारखांबाबतही सावध राहावे: १७५२ पूर्वीच्या इंग्रजी कागदांत वर्ष २५ मार्चला बदलत असे.

शेवटी दोन्ही खटल्यांतील आरोप शेजारी शेजारी मांडून पाहावेत. जहाजावरचा आरोप परवान्याशिवाय तेल आणि डांबर चढवल्याचा होता आणि ऑगस्टमध्ये ते सरकारजमा झाले. हॅनकॉकवरचा वेगळा खटला मात्र चोरून उतरवलेल्या, मदेरा बेटावरच्या वाइनचा होता. त्यात ९,००० पौंडांची मागणी होती, जॉन अ‍ॅडम्स त्याचा वकील होता, आणि मार्च १७६९ मध्ये सरकारने तो मागे घेतला. एकाच जहाजाच्या प्रकरणात जहाज हरले आणि माणूस सुटला, तो असा.

निकाल लागला तरी जहाजाचा माग सोडू नये. ‘लिबर्टी’ पुढे जकात खात्याचे गस्ती जहाज झाले आणि जुलै १७६९ मध्ये न्यूपोर्टच्या जमावाने ते जाळून टाकले.